कार्ल्याच्या लेण्यातली अक्षरे

पुणे, वैशाख वद्य पंचमी

शिडीवर उभा राहून लेण्यातल्या जुन्या अक्षरांची नक्कल मी इंग्रज साहेबासाठी उतरवली. आज त्याच्या बंगल्यावर शास्त्रीबोवांनी ती एकदाच पाहिली आणि खडाखडा वाचली! म्हणे, पांडवांनी हे लेणे एका रात्रीत कोरले, असे लिहिले आहे. दरसाल श्रीमंत पेशव्यांची दक्षिणा घेणारा विद्वान हा!

मला राहवले नाही. म्हटले, "शास्त्रीबोवा, यात 'पांडव' कुठे आहे? बोट ठेवून दाखवा."

"तुम्ही नकला करा. अर्थ आम्ही सांगू."

साहेब माझ्याकडे वळला. "मग तुम्ही सांगा, काय लिहिले आहे?"

"ठाऊक नाही. ही अक्षरे आज कोणालाच येत नाहीत."

सगळे हसले. शास्त्रीबोवांना शाल मिळाली, मला 'उद्यापासून येऊ नका.'

घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्हीही काहीतरी सांगायचे होते!"

काहीतरी? कोणीतरी आपले म्हणणे सांगायला दगड कोरला, आणि आपण त्याच्या तोंडी वाटेल ते घालायचे?

नक्कल त्यांनी बंगल्यावरच ठेवून घेतली. घेऊ देत. लेणे काही त्यांनी नेलेले नाही. उद्या निघतो, पुन्हा उतरवून आणतो. खरे वाचणारा कधीतरी जन्मेलच.