भुयारातला ढावलो

प्रिय भिया,

तुझं कार्ड मिळालं. बा स्वतः बोलावत नाही तोवर लग्नाले येणार नाही म्हणतोस. एका ओळीत निकाल लावून टाकला, वा रे वा! इकडे बा पण तसाच. पोरगा आधी पाया पडायले येईन, मग पाहू, म्हणते. दोघांचं भांडण अन् तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? इथं तिसरी मी, अन् माझा लाभ काय, तर भावाविना लग्न. अखाजीले सासरचे लोक मले उमरखेडकडे घेऊन जातीन, अन् तुम्ही दोघं आपापल्या जागी मिशीले पीळ देत बसा.

धनीफुफी रोज दुपारी मले ढावलो, सासरी जातानाचं नवरीचं रडगाणं, शिकवून राह्यली. बापाची बहीण, तांड्यातल्या साऱ्या नवऱ्या तिनंच रडवल्या. आईच्या गळ्यात पडून काय म्हणायचं, बापाच्या काय, सगळं तिले तोंडपाठ. भावाच्या गळ्याशी आलं की भावाचं नाव घ्यायचं, मागोमाग भावजयीचं, मग पुढची ओळ. पण तू तांड्याबाहेरच्या पोरीशी, नागपूरच्या नर्सबाईशी लग्न लावलंस, तेव्हा बानं तांड्याच्या नायकासमोर सांगितलं, मले पोरगा नाही. तेव्हापासून घरात तुझं नाव बंद. म्हणून फुफी त्या जागी आली की नुसती गुणगुणते अन् पुढे जाते. मले मात्र तिथंच अडकायले होते. फार वाईट वाटते भिया, काय सांगू.

मागच्या बाजारी आम्ही बाया बाच्या बैलगाडीत आर्णीले लुगडी घ्यायले गेलतो. येताना वाटेत राजाचा जुना बाग लागते, तुले आठवत असन. लहानपणी तिथं भुयाराच्या तोंडावर काटे लावले होते अन् तू मले आत ढकलायची भीती दाखवायचास. ते भुयार आता सरकारनं नीट करून लोकांसाठी उघडं केलं. राणी म्हणे महालातून बागेखालून चालत बावडीवर आंघोळीले जायची, कोणाच्या नजरेले न पडता. चौकीदार कंदील घेऊन दाखवते. बा काही उतरला नाही. जिवंतपणी जमिनीखाली कायले जायचं, म्हणाला, अन् बागेत चाफ्याखाली फुफीजवळ बसला. मी गेली.

भिया, आत काय होतं कसं सांगू? बाहेर अंग भाजून राह्यलं होतं, अन् आत नव्या चुन्याचा ओला वास अन् माठाच्या पोटातला गारवा. छताले जागोजागी दगडी जाळ्या, वर बागेत उघडणाऱ्या. त्यातून हिरवट उजेड झिरपते, पानं हालली की तोही हालते. वर लोक चालतात, त्यांच्या पावलांचा आवाज दूरच्या गावातून आल्यासारखा येते. मले वाटलं मी झोपेतच चालून राह्यली, अन् पुढच्या वळणावर याडी भेटन, आपली माय, मेली नसल्यासारखी. कंदील पुढे गेला. मी मागेच राह्यली. इथं कोण ऐकते, असं मनात आलं अन् मी ढावलो सुरू केला. तुझ्या जागेवर आली अन् थांबली नाही. तुझं नाव घेतलं, नेमसिंग भिया म्हणून, मोकळ्या गळ्यानं. भिंतीनं ते परत आणून दिलं. मग अजून एकदा घेतलं.

मले काय माहीत, जाळीतून सारं वर जाऊन राह्यलं म्हणून! चाफ्याखाली आपल्या बाया भाकर खात होत्या. पायाखालून रडणं आलं. आपल्या बायांचं तुले माहीत आहे, कोणी गळा काढला तर कायले हे विचारत नाहीत, जवळच्या बाईच्या गळ्यात पडून आधी सोबत रडून घेतात. झालं! फुफीनं भाकर टाकली अन् बाग पाहायले आलेल्या यवतमाळच्या एका परक्या वहिनीचा गळा धरून जोरात सूर लावला. ती बिचारी ओरडली, तिचा नवरा धावला, कोणी म्हणे राणीचं भूत जागं झालं. हे सगळं मले फुफीनं मग गाडीत हसत हसत सांगितलं.

आत मले फक्त बाच्या जोड्यांचा करकर आवाज आला. आता कानाखाली बसते म्हणून मी भिंतीले चिकटली. बा आला अन् माझ्यासमोर उभा राह्यला. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं. म्हणाला,

"काहून थांबली? ढावलो अर्धा सोडत नाहीत."

मी पदरानं तोंड पुसलं.

"भावाचं नाव घेतलं, भावजयीचं नाही घेतलं तू. काय नाव हाये तिचं?"

मले माहीत नव्हतं. त्यालेही नव्हतं. दोन वर्षं आम्ही सारे तिले नागपूरवाली म्हणत आलो. बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो माझ्या खांद्याले धरून रडला, आपल्यात भाऊ बहिणीसाठी रडते तसा, सुरात. उजेडात आल्यावर पागोटं नीट केलं अन् घरापर्यंत फक्त बैलांशी बोलला.

तुले तो बोलावणार नाही. तो तसा माणूसच नाही, अन् तूही नाहीस. पण यापेक्षा मोठं बोलावणं कोणतं असते, तूच सांग. येतोस का नाही ते मागाहून कळव, आधी भावजयीचं नाव कळव. त्यासाठीच हे लिहून राह्यली. बाहेर बानं गाडी जुंपली आहे, हे पाकीट आर्णीच्या डाकघरात तोच टाकणार आहे. कोणाले लिहिलं, हे त्यानं विचारलं नाही. फक्त म्हणाला, "तिच्या मायबापानं ठेवलं असन, तेच नाव कळवायले सांग."

तुझ्या गळ्यात पडायची वाट पाहणारी, तुझीच
लाली