काठावरची काजळी

३ ऑगस्ट
चि. धाकटीस, आईचे अ. आ.
तुझ्या बाबांचा कोट पाठवलाय. डांबरगोळ्यांचा वास मारतोय, पण तू तर प्रयोगशाळेत त्याच गोळ्या भाजतेस म्हणे, तुला कसलं अप्रूप. शेजारीण विचारत होती, एवढं शिकून पोरगी करते काय? म्हटलं, काजळी पाडते. तिला वाटलं, मी तिची फिरकी घेतेय.
तुझी आई

११ ऑगस्ट
ती. आईस, सा. न.
फिरकी कसली, तेच करते. गोळ्यांची वाफ हवा न लागू देता भट्टीत लालबुंद तापलेल्या नळीतून सोडायची. पडलेल्या काजळीत कार्बनचे इवलेसे पोकळ चेंडू असतात. ते वेगळे करून विरघळवले की जांभळा रंग येतो. माझा मेला पिवळाच येतो. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जांभळं दिसलं नाही तर भट्टी दुसऱ्याला. मग मी घरीच येते गं. नळी रोज घासूनपुसून लख्ख ठेवते, तरी हे असं.
तुझी धाकटी

१८ ऑगस्ट
चि. धाकटीस, अ. आ.
ये की, भांडायला मला कुणीतरी हवंच आहे. पण हरून येऊ नकोस. रडका चेहरा मला आरशातला पुरतो.
लख्ख नळीचं वाचून हसले. दूध उतरवलं की आधी काठ पुसायचा, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलं. मी फडकं आणेपर्यंत तुझे बाबा काठावरची साय खरवडून खात. बोट भाजायचं, पण खोड जाईना. म्हणायचे, पातेल्यात नुसतं दूध, मजा काठाला चिकटते. त्या फडक्यावरून आमचं रोज वाजायचं. आता मी खुशाल पुसते, कुणी आडवं येत नाही.
तुझी आई

२९ ऑगस्ट
ती. आईस, सा. न.
तुझं पत्र वाचलं आणि उठून भट्टीकडेच गेले. नळीचं टोक भट्टीबाहेर गार असतं. तिथं धरलेला काळा थर मी रोज आधी फडक्यानं पुसून टाकत होते, घाण म्हणून. या खेपेला खरवडून घेतला. आई, जांभळं आलं. चमचाभरच, पण सरांनी कुपी खिडकीत धरून पुन्हा पुन्हा पाहिली. भट्टी माझ्याकडेच राहिली. घरी येणं मात्र लांबलं.
तुझी धाकटी

४ सप्टेंबर
चि. धाकटीस, अ. आ.
म्हणजे तुझ्या वाटेत मीच फडकं घेऊन बसले होते, आणि भाव खाल्ला ह्यांनी. नेहमीचंच. येणं लांबलं तर लांबू दे, भांडायला शेजारीण आहे.
आज दूध उतरवलं आणि काठ पुसला नाही. साय वाळून बसलीय. बसू दे.
लोभही असाच चिकटून राहू दे.
तुझी आई