शिडीवालीची दुसरी उडी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेलच. आईचा गुडघा बराच बरा आहे. जिना चढताना ती मला बोलते आणि उतरताना डॉक्टरांना. तुझ्या दुकानातून आलेला चष्मा बाबांनी दोन दिवस लावला आणि ‘यातून सगळं फारच स्पष्ट दिसतं’ म्हणून जुनाच पुन्हा नाकावर चढवला. भावोजींना सांग, फ्रेम छान आहे, गिऱ्हाईक नाठाळ आहे.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा गुडघ्यावरच बोललो.

ऑफिसची बातमी अशी की आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमचा, त्या मारामारीच्या खेळाचा, चौथा भाग येतोय. त्यात शिडीवालीही आहे. हे पत्र तू भावोजींना दाखवावंस असं मला वाटतं, म्हणून त्यांना कळेल असं लिहितो. तू लग्नामुळे खेळणं सोडलंस असंच ते समजतात.

तर भावोजी, आमच्या खेळात दोघं जण एका उंच ओट्यावर मारामारी करतात. खाली पडला तो संपला. म्हणून प्रत्येकाला परत वर यायची एक उडी दिलेली असते. शिडीवाली म्हणजे खिडक्या पुसणारी बाई. ती पडता पडता घडीची शिडी उघडते, कडेला टेकवते आणि वर येते. पण शिडी आखूड. त्यामुळे पहिल्या भागात तिला घेऊन खेळायचं म्हणजे हरायची तयारी ठेवूनच बसायचं. ताई मात्र तिलाच घ्यायची.

ताई, तो दिवस तुला आठवतो ना? मागच्या खोलीत बसलो होतो. काच लागली म्हणून तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. पट्टीमुळे बटण उशिरा दाबलं गेलं, नेमकी शिडी कडेला टेकली त्या क्षणी, आणि शिडी मिटून पुन्हा उघडली. दुप्पट उंच! आपण असे ओरडलो की टीव्ही पडला समजून आई धावत आली. दुसऱ्या भागातही ते तसंच राहिलं, कारण ते कंपनीतल्या लोकांच्या गावीही नव्हतं. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा तू म्हणालीस, “हे आपल्या घरातलं आहे हं. तोंड उघडलंस तर बघ.” मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

मी तोंड उघडलं, ताई.

तिसऱ्या भागाच्या वेळी माझी नोकरी कायम व्हायची होती. चाचणी विभागात चुका शोधणाराच टिकतो, आणि चार महिन्यांत मला धड एक चूक सापडली नव्हती. आमच्या विभागप्रमुख बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “खुर्ची तरी गरम होतेय का?” त्याच दुपारी मी शिडीवालीची चूक लिहून दिली. ‘कशी सापडली’ या रकान्यात लिहिलं, ‘अंगठ्याला पट्टी होती.’ तुझी पट्टीसुद्धा मी सोडली नाही.

कंपनीवाले शिडीची ती दुसरी उडी पूर्ण काढून टाकणार होते. मीच म्हणालो, काढू नका, फक्त अवघड करा. बटण दाबायची वेळ इतकी कमी केली की विसातून एकदा जमावं. मला वाटलं, मी तुझ्यावर उपकारच करतोय. काढलंच असतं तर दोन दिवसांत तुला कळलं असतं की बदल खेळात झालाय. अवघड केल्यामुळे तू स्वतःवरच संशय घेत बसलीस.

त्या वर्षी आमच्या कंपनीच्या स्पर्धेत तू उतरली होतीस, आणि तिथे हा नवा भाग खेळायचा होता. खेळाडूंना आधी काही सांगायचं नाही हा आमचा नियम, आणि मी त्याच्या आड लपलो. आदल्या दिवशी जेवताना तू विचारलंस, “नव्यात काही बदललंय का रे?” मी म्हणालो, “रंग.”

आधीच्या सामन्यांत ती उडी तुला लागलीच नव्हती. अंतिम सामन्यात समोरच्याला गाठायला तू मुद्दाम ओट्याखाली उडी घेतलीस. वर येणार याची तुला खात्रीच होती. शिडी टेकली, पुन्हा उघडली नाही. अख्खं सभागृह हसलं. तू कंट्रोलर उलटा करून पाहिलास, मग माझ्याकडे पाहिलंस. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. त्या बुटांना नाडी नव्हती.

नंतर महिनाभर तू तीच उडी घोटत राहिलीस. शेवटी “माझा हात मंदावला रे” म्हणालीस आणि कंट्रोलर शेजाऱ्यांना देऊन टाकलास. मी म्हणालो, “होतं गं असं.” तेव्हा तू सत्तावीस वर्षांची होतीस.

आता चौथ्या भागात ती दुसरी उडी मुद्दाम पूर्वीसारखी सोपी करून परत देणार आहेत. चारही भागांत ती उडी कशी बदलत गेली यावर येत्या गुरुवारी एक फिल्म काढायची होती. कॅमेऱ्यासमोर बसून पट्टीची गोष्ट मी माझी म्हणून सांगायची होती. परवा शुक्रवारी मी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सहा वर्षं गप्प होतास, मग आताच कसा कंठ फुटला?” फिल्ममधून मला काढलंय, कामावरूनही बहुतेक काढतील. शोध तुझ्या नावावर लिहायचा तर तुझी सही लागते. कागद सोबत आहे. सही कर किंवा फाडून टाक. मी विचारणार नाही.

एक गोष्ट अजून राहिली. सगळ्यात लाजिरवाणी तीच, म्हणून मघापासून टाळतोय. सामन्यात कोणतं बटण कधी दाबलं याची आमच्याकडे नोंद राहते. तुझी नोंद मी त्याच संध्याकाळी उघडून पाहिली होती. जुन्या भागांत ज्या क्षणी दाबायचीस, अगदी त्याच क्षणी तू दाबलं होतंस. तसूभरही फरक नव्हता. हे पाहून मी घरी आलो. तू दारातच विचारलंस, “माझा अंगठा चुकला का रे?” आणि मी म्हणालो, “हो.”

तो चुकला नव्हता, ताई.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाचा नसलेला,
धाकटा