जजसाहेब आमच्या घरी येऊन गेले

धाकट्या भावाला मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. वहिनी अजून तुझं ऐकून घेत असेल तर तिला तुझ्यापेक्षा दुप्पट आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? खोकला नसेलच. असला तर उत्तर लिहिताना तोंड बाजूला कर, हल्ली लोक आलेली पत्रंसुद्धा दोन दिवस उन्हात ठेवतात. माझे गुडघे होते तिथेच आहेत, पण ऐकत नाहीत. लिहिणारी नेहमीचीच, तुझी भाची. मी बोलते, ती लिहिते, आणि मला अक्षर ओळखता येत नाही याचा ती काय काय फायदा घेते ते तिचं तिला माहीत. (काही घेत नाही, मामा.) बघ, आत्ता मी गप्प होते आणि पेन वाजलं.

इथे दिवस कसे जातात म्हणून विचारशील, तर ते जातच नाहीत, खोलीत येऊन बसतात. साथ आल्यापासून रस्त्यावर पाऊल वाजत नाही. सोमवार मी मागेच हरवला, शोधायलाही गेले नाही. दुपारी ऊन खिडकीतून आत येतं, आधी पलंगाच्या पायाला हात लावतं, मग खुर्च्यांवर चढतं. खुर्च्या नऊ आहेत. भाचीकडे वेताने विणायला आलेल्या, आणि दुकानं बंद झाल्यावर कुणी न्यायलाच आलं नाही. सहा विणून झाल्या, वेत संपला, तीन अजून भोकाच्याच. त्या तीन भोकांतून ऊन खाली पडतं आणि फरशीवर तीन गोल ताटं मांडल्यासारखी दिसतात. त्यांच्याकडे बघता बघता मला डुलकी लागते. डुलकीत मी बरीच कामं उरकते. परवा आईशी भांडूनसुद्धा आले.

आता मूळ गोष्ट. साथ आहे तोवर कुठल्याही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही असा हुकूम निघाला. आमचा मालक कायदा पाळणारा माणूस, त्याने आम्हाला बाहेर काढलं नाही. त्याने दारापुढची फळ्यांची उतरण काढली. हो, तीच, तू तुझ्या हाताने करून दिलेली. (तेव्हा मी तिला काय म्हणाले होते ते इथे लिहू नकोस ग. आणि हेही लिहू नकोस.) आता दारापुढे एकच पायरी, पण दीड वीत उंच. आपण दोघं म्हातारी एकमेकांना शिव्या देत उतरू, तुझ्या भाचीच्या चाकाच्या खुर्चीला ते जमत नाही. म्हणजे माणसाला बाहेर काढता येत नाही ना, मग त्याला बाहेर पडताच येऊ नये अशी सोय केली. कंटाळून आपणहून जागा सोडतील असा त्याचा बेत. वर जिन्यातून मला म्हणतो कसा, ‘फळ्या कुजल्या होत्या हो आजी, तुमच्या लेकीच्या जिवासाठीच काढल्या.’ बोलताना मास्क हनुवटीवर. आणि कुजलेल्या त्याच फळ्यांचं त्याने त्याच जिन्यात चपलांची मांडणी केलीय, ती मला दारातून रोज दिसते.

पाच महिने झाले. तुझ्या भाचीने तेवढ्यात जे ऊन घेतलं ते काचेतून. मी चेष्टा करते, लग्न करून गेली असतीस तर निदान तेवढ्यासाठी तरी बाहेर पडली असतीस. ती म्हणते, तुला पाठवणीत बरोबर नेलं असतं, मग काय उपयोग? असं आमचं चालतं. पण एका दुपारी मी डोळे किलकिले करून बघितलं, तर ही आपल्या खुर्चीच्या चाकांना तेल घालत होती. जायचं कुठेच नव्हतं. चाक हाताने फिरवायची, आवाज येतो का ऐकायची, परत एक थेंब. मी डोळे घट्ट मिटून घेतले. (हे कशाला सांगतेस त्याला? – लिही म्हटलं ना.)

मग आम्ही ठरवलं, तक्रार करायची. कोर्टातून कळलं की अर्ज समक्ष येऊन द्यावा. कोर्टाला चौदा पायऱ्या. म्हणजे एका पायरीची तक्रार चौदा पायऱ्या चढून द्यायची, आणि त्या चौदांपर्यंत पोचायला आधी ही एक उतरायची. बरं, तिथे पोचलो असतो तरी साथीमुळे दाराला कुलूप. फोन केला तर सनई-चौघडा म्हणावा तसलं काहीतरी पाऊण तास वाजत राहिलं. ते ऐकता ऐकता माझा डोळा लागला, आणि काय सांगू, नऊच्या नऊ खुर्च्या उठून उभ्या राहिल्या आणि एकामागून एक कोर्टाला निघाल्या. त्यांना चार-चार पाय, त्या टकटक चौदा पायऱ्या चढून गेल्या. पांढऱ्या पायऱ्या, ढगात गेलेल्या. वर जाऊन सगळ्या ओळीत बसल्या, म्हणजे खुर्च्याच त्या, उभ्या राहिल्या काय नि बसल्या काय. खाली राहिली ती एकच, चाकाची. ती वर बघत होती. जागी झाले तेव्हा फोनवर अजून वाजतच होतं.

अखेर फुकट मदत करणाऱ्या एक वकीलबाई मिळाल्या. त्या म्हणाल्या, सुनावणी फोनवरच होईल, जजसाहेब तुम्हाला घरात बघतील. झालं! जजसाहेब घरात येणार म्हटल्यावर मी कंबर कसली. ओल आलेल्या भिंतीवर माझी चांगली चादर टांगली. विणलेल्या सहा खुर्च्या पुसून मांडल्या, भोकाच्या पलंगामागे लपवल्या. शेजारणीकडून फुलदाणी आणली. दार लोटून त्यावर पडदा सोडला, ती मेली पायरी पाहुण्याच्या नजरेला कशाला पडायला हवी? तुझी भाची डोक्याला हात लावून बसली होती, पण मला वाटलं तिचं डोकं दुखतंय.

सुनावणी सुरू झाली. जजसाहेबही बिचारे आपल्या घरातच होते, मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. मालक म्हणाला, साहेब, बघा किती छान घर आहे, यांना गैरसोय कसली? साहेबांनी आमची खोली बघितली आणि मान डोलावली. वकीलबाई बोलायला गेल्या तर फोनवर त्यांचं तोंड उघडंच राहून थिजलं. दुपार कलली होती, ऊन सहा खुर्च्यांवर येऊन बसलं होतं, आणि मला, खरं सांगते, ऐन वेळी डुलकी लागली.

डुलकीत साहेब आमच्या दारात उभे. हातात तो टॉवेल. मी म्हणाले, ‘या साहेब, पण पाय जपून टाका, दीड वीत आहे. उतरण होती, ती मालकांनी चपलांना दिली. लेकीला बाहेर जाता येत नाही हो, पाच महिने झाले, तुम्हीच आत या. मागच्या तीन खुर्च्यांवर मात्र बसू नका, आत जाल.’ डोळे उघडले तर फोनमधून सगळे माझ्याकडेच बघत होते. हे सगळं मी तोंडाने बोलले होते! साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, आजी, पडदा बाजूला करा, मला ती पायरी बघायची आहे. भाचीने फोन मांडीवर उभा टेकवला, चाकं फिरवत दारापर्यंत गेली, पडदा सारून दार उघडलं आणि थांबली. पुढे जाताच येईना. साहेबांना तेवढं थांबणं पुरलं. जिन्यातली चपलांची मांडणीही त्यांना आपसूक दिसली.

हुकूम झाला, पंधरा दिवसांत मालकाने उतरण होती तशी बसवून द्यावी. मालक म्हणाला, जरूर, पण सुतार सगळे आपापल्या घरी गेलेत, साथ सरेपर्यंत मिळणार नाहीत. बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

तुझी,
ताई

ता. क. मी साहेबांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की माझा भाऊ सुतार आहे, तो येईल. तुझा शब्द तुला न विचारता दिला, आता काय करणार? पंधरातले चार दिवस गेले. आत येऊ नकोस, बाहेरूनच ठोक, मी खिडकीतून बघीन. सहा वर्षांपूर्वी मी त्या उतरणीला घसरगुंडी म्हणाले आणि तू उठून गेलास तो गेलास. ती चांगली होती. पाच महिने ती नव्हती तेव्हा कळलं. हे एकदाच सांगते आहे, वहिनीला वाचून दाखवू नकोस.

ता. क. मामा, हे मी माझं लिहिते आहे. आईला डुलकी लागली नव्हती. वकीलबाईंचा फोन बंद पडला तेव्हा तिने मला चिमटा काढला आणि मग डोळे मिटले. आधीचे दोन दिवस ती आंघोळीच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होती, ‘या साहेब, पाय जपून’. पडदा मात्र तिने खरंच पाहुण्यासाठी लावला होता.

ता. क. मी बोलायची थांबल्यावर हिचं पेन बराच वेळ चालू होतं. काय लिहिलं ते सांगत नाही. जे लिहिलं असेल ते खोटं आहे. फळ्या रुंद आण, आणि लवकर ये. पेन खाली ठेवलं की ती परत चाकांना तेल घालायला बसणार आहे.