मोहाखालची पाकिटं

अहेरी,
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय इंदू,

सप्रेम नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, फाडून टाकायलाही आधी हातात घ्यावं लागतं. तिकडे मूल गावी धान गर्भावर आलं असेल. गुणवंतरावांना नमस्कार सांग.

मी ठीक आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेला जितकं ठीक असता येतं, तितकी. संस्कृत बाजूला ठेवून सध्या पोरींच्या पाळीचा अभ्यास चालू आहे. हसू नकोस. ऋतुवर्णनं मी वीस वर्षं शिकवली, पण हा ऋतू एकाही कवीने घेतलेला नाही.

झालं असं की पंधरवडाभर व्हरांड्यात चपला फरफटण्याचा आवाज येत होता. तो आवाज तुला माहीत आहे, तुझी उर्वशी तशीच चालायची. मी आतून ओरडायचे, "पाय उचलून चाल गं!" ओरडून झाल्यावर आठवायचं, आणि मग दार उघडायचा धीर व्हायचा नाही.

एका दुपारी उघडलं. बुधरी होती, भामरागडकडची, नववीतली. पाय फाकवून, पाऊल न उचलता चालत होती. मी म्हटलं, "काय गं, गजगामिनी?" हसली नाही.

नर्सबाईंना बोलावलं. जांघेतली कातडी सोलून लाल झालेली, भोवती पुरळ. आणखी सात-आठ जणींचं तेच. नर्सबाई म्हणाल्या, "सकाळचं पॅड रात्रीपर्यंत ठेवतात. वरून प्लास्टिक, आत घाम, कातडी काय करंल? चार-चार तासांनी बदला, साध्या पाण्यानं धुवा, कोरडं ठेवा." मलम देऊन गेल्या.

बुधरीचा बाप लालसू दुसऱ्याच दिवशी आला. "घरी नेतो म्याडम. पोरगी चालू नाई राह्यली, शिकन काय?" शाळा चालून शिकत नाहीत, डोक्याने शिकतात, असं मी म्हणून पाहिलं. त्याला पटलं नाही. कशीबशी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. त्या वेळी पुन्हा असंच दिसलं, तर तो तिला नेणार, आणि नेलेली पोरगी परत येत नाही.

पॅड कमी पडावीत असं काही नाही, मी स्वतः वाटते. म्हणजे चोरी, असं मी ठरवलं. न्यायशास्त्र शिकलेली बाई मी, धूर दिसला की अग्नी गाठणारी. बुधरीला समोर बसवलं.

"पाकिटं जातात कुठे?"

"देतो ना, म्याडम."

"कोणाला?"

"ताईले. तिले आता कोण देते?"

पुढचं मला विचारायचं नव्हतं. तीच उठली आणि मला मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यापलीकडे, मोहाच्या झाडापाशी घेऊन गेली. ती जागा तू एकदाच पाहिलीस, इंदू.

इथल्या वाटेवर कोणी अवेळी दगावलं, तर येणारा-जाणारा तिथे दगड ठेवतो, डहाळी ठेवतो. मोहाखाली दगड होते. प्रत्येक दगडाखाली एक कोरं पाकीट. काही पावसाने फुगलेली, काहींना मुंग्या लागलेल्या, एक अगदी कालचं.

तुझी उर्वशी त्या दिवशी जुनं पॅड टाकायला गेली होती. नवं हातातच होतं. चावणाऱ्या मण्यारीला त्याचं काय. पोरींनी तिला पाहिली ती तशी, हातात पाकीट धरलेली. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला कशाला हवं होतं ते?

"ती तशीच हाय म्याडम," बुधरी म्हणाली. "तिले बदलायचं राह्यलं. नाई देलं तर मागं मागं येते."

"अगं, मेलेल्या माणसाला पाळी येत नाही."

"तुमाले काय मालूम?"



पाकिटं गोळा करायला वाकले, पण हात गेला नाही. तसेच परत फिरलो. अर्ध्या वाटेत मागून चपला फरफटल्या. बुधरी माझ्या पुढे चालत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. इतकंच लिहिते.

जादा पाकिटं दिली, तर तीही मोहाखाली जातात. दम दिला, समजावलं. सगळ्या मिळून एकच म्हणतात, "तिच्या मायनं म्हटलं का तिले पुरलं, तर थांबू." मी म्हटलं, मी सांगते ना. बुधरी म्हणाली, "तुमी माय नाई." खरं आहे. मी फक्त पाय उचलून चाल म्हणणारी.

मलमाने पुरळ बसत आलंय. पुढच्या पाळीला पुन्हा उठेल. दसऱ्याच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, चहासुद्धा घेऊ नकोस. येताना काही आणूही नकोस, तिथे पुष्कळ आहे. पोरींच्या देखत मोहाखाली उभी राहा आणि उर्वशीला तेवढं विचार, पुरलं का गं बाई.

तिच्या वतीने हो म्हणायचा अधिकार तुझाच आहे.

आता दार उघडं ठेवून बसणारी,
तुझी
सत्यशीला