पिवळं कापड आणि थेरी

अंगठा पाठवतोस व्हय रे मला? म्हातारपणी प्रौढ वर्गात बसून मी बाराखडी गिरवली, ती रेशनच्या दुकानात अंगठा लावायची लाज वाटायची म्हणून. आता तिथं मशीन आलं आणि शिकलेल्यांचाबी अंगठाच घेतात, ते सोड. पण तू आयटीआय झालेला माणूस. आई एवढं मोठं बोलून पाठवती आणि तू खाली पिवळा अंगठा चिकटवून मोकळा. फोन केला तर मीटिंग. पोस्टमनला मीटिंग नसती म्हणून कागद घेतलाय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. वाच.

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. राजेंद्रास आईचा जयभीम.

इथं सगळं ठीक. मेघाची दवाखान्यातली ड्युटी आता दिवसाची झाली, त्यामुळं तिच्या तोंडावर जरा रंग आलाय. माझा गुडघा होता तसाच आहे. नळाला पाणी कधी येतं हे विचारू नको, ते नळालाच माहीत नसतं.

आता खाली बस. तुझी श्रेया घरात आहे, धडधाकट आहे, कुठं चालली नाय. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या जिवाचं पाणी झालं.

झालं असं. पोरगी गच्चीवर फोनवर बोलत होती आणि मी वाळवण उचलत होते. कानावर आलं, "मी आता फक्त थेरीच करणार. मम्मीला अजून सांगितलं नाही. आजीला तर काय कळणारच नाही."

मला कळणार नाय! विहारात सतरंजीवर बसून बसून माझी हाडं झिजली, आणि थेरी म्हणजे काय ते मला कळणार नाय? संघातली मोठी भिक्खुणी. डोकं भादरायचं, पिवळं चीवर घालायचं, घर सोडायचं. मागं वळून बघायचं नाय.

मी म्हणलं, ऐकण्यात चूक झाली असंल. तर पोरगी केस कापून आली. गुडघ्याला लागायची वेणी रे, मी तेल घालून घालून वाढवलेली, आणि कान उघडे टाकून दारात उभी. म्हणली, "हलकं वाटतं आजी." मग संध्याकाळचं ताट सरकवायला लागली, भूक नाही म्हणून. दुपारनंतर संघातली माणसं जेवत नायत, ते तुला सांगायला नको. आणि मग एक दिवस कपाटात पिवळं कापड सापडलं. कोरं. घडी घातलेलं.

खरं लिहिते. शेजारच्या सरूबाईची नात थेरी झाली असती तर सगळ्यांच्या आधी फुलं घेऊन मी गेले असते, आणि सगळ्या वस्तीला सांगितलं असतं किती पुण्याचं काम आहे. पण आपल्या घरातली म्हणल्यावर माझं पुण्य कुठं गेलं काय माहीत. पोरीच्या आईला, मेघाला, बोलले नाय. ती आधीच कमी झोपती. मनात एकच येत होतं, या घराच्या दारातनं माणसं बाहेर जाण्याचीच रीत पडली का काय. तुझ्या जाण्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाय. म्हणून पुढं जाते.

रिक्षा केली आणि लेण्यांकडच्या विहारात गेले. भन्ते झाडू मारत होते. मी वंदन केलं आणि म्हणलं, "भन्ते, वंदन केलं, पण मी भांडायला आलेय."

"मग आधी पाणी घ्या," म्हणले.

"पाणी नको. आमच्या पोरीला थेरी करताय, घरच्यांना विचारलं का?"

"कोणती पोरगी, उपासिके?"

"आता कोणती म्हणून विचारा! नववीतली. केस कापून बसलीय."

भन्त्यांनी झाडू भिंतीला लावला. म्हणले, "या विहारात भिक्खुणी नाहीत. आणि लहान मुलीला आईवडलांच्या परवानगीशिवाय संघ घेत नाही. दोघांच्या. वडील काय म्हणतात?"

तिथं मी नुसता पदर सारखा केला. उभ्या उस्मानपुऱ्याला गप करणारी बाई मी. मी म्हणलं, "कामाला असतात." ते हसले नाहीत, म्हणून जास्त लाज वाटली. म्हणले, "तुम्ही मला विचारलंत. तिला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

घरी आले. पिवळं कापड तिच्यासमोर टाकलं आणि म्हणलं, "थेरी व्हायचंय ना? जा. पण मला सांगून जा. न सांगता जाणारे या घरात एक झाले तेवढे बास."

पोरीनं आधी कापड उचललं. मग हसली. हसता हसता पलंगावरनं खाली आली. "आजी! थेरी नाही गं! थिअरी! थि-अ-री! गेमची थिअरी!"

"मग नीट तोंड उघडून बोलावं ना!" म्हणलं, आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग चहा टाकला. रडले नाय. पण चहात साखर दोनदा घातली आणि तो सगळा गोड चहा आम्ही दोघींनी पिला. केस ऑक्टोबरच्या उकाड्यानं कापले होते. संध्याकाळची भूक कोपऱ्यावरचा वडापाव खात होता. आणि पिवळं कापड चोचीचं होतं.

चोचीचं म्हणजे सांगते. एक परदेशी गेम आहे. बंद पडलेलं हॉटेल, तिथं यंत्राचे मोठे प्राणी, पोरांना रिझवायला ठेवलेले. हॉटेल बंद झालं तरी ते आपले चालतेत. त्यात एक पेंग्विन आहे. त्याचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाय. काळा कोट, पांढरा सदरा, कोर्टाबाहेर उभा असल्यासारखा, म्हणून मी त्याला वकील म्हणते. वकील आतल्या खोलीच्या दाराशी येतो. आत पोरं कोंडलेली. खेळणारा घाबरून पळतो. या गेमचे बरेच भाग निघालेत, पण कंपनी काही उलगडून सांगत नाय, म्हणून पोरं आपापल्या डोक्यानं छडा लावतात की कोण खुनी, कोण कुणाचा बाप. त्याला थिअरी म्हणायचं. श्रेया त्याचे व्हिडिओ करती. वकिलाचा वेश करून तिला बोलायचंय, त्यासाठी पिवळी चोच. शिवली मीच. तिनं शिवली असती तर कावळा झाला असता.

फुलंब्रीचा अंगद म्हणून एक पोरगा आहे, तिच्याशी फोनवर भांडत असतो. तो म्हणतो वकीलच खुनी, भिंतीवर रक्त आहे. मी मधीच म्हणलं, "अरे, हॉटेल आहे ना ते? टमाट्याचा सॉस असंल." अंगदनं ते चित्र परत लावून बघितलं. मग म्हणला, "आजी, याचा विचार कुणीच केला नाही." बघ. मी पण थेरी झाले.

पण श्रेयाची थिअरी वेगळी आहे. ती ऐक, त्यासाठीच हा सगळा कागद.

ती म्हणती, वकील पोरांना मारायला येतच नाय. तो त्यांना बोलवायला येतो. त्याच्या पोटात टेप एकच आहे, "चला मुलांनो, जेवायला चला." हॉटेल चालू होतं तेव्हा भरलेली. त्याला दुसरं काही बोलताच येत नाय. "भिऊ नका" म्हणायचं असलं तरी "जेवायला चला". "माझं चुकलं" म्हणायचं असलं तरी "जेवायला चला". अंधारात ते ऐकलं की पोरं जास्तच घाबरतात आणि हा दारातनं परत जातो. अन् दाराची कडी आतल्या बाजूला आहे, हे म्हणे कुणी नीट बघितलंच नाय.

मी विचारलं, "हे तुला कसं सुचलं गं?"

चोचीला दोरा ओवत म्हणली, "पप्पांची पण एकच टेप आहे ना, आजी. अभ्यास झाला का."

तू इथं असताना कामावरनं फोन करायचास तेव्हा ती हेच ऐकायची. गणितात मार्क कमी पडले त्या दिवशीबी तू घरी येऊन हेच विचारलंस, दोनदा, आणि मग तिचा मोबाइल भिंतीवर आपटलास. ती म्हणली, "पप्पा, तुम्ही घरात नसलेले बरे." पोरगी बोलली आणि तू खरं धरलंस. दुसऱ्या दिवशी चाकणची नोकरी धरली, बॅग भरली. नोकरी इथं वाळूजला मिळत नव्हती का? आता लिहायचं नव्हतं ते लिहिलं. हात थांबला नाय.

तू तिला 'माफ कर' म्हण, असं मी सांगत नाय. रागात तू तुझ्या बापावर गेलास आणि तो राग मला पाठ आहे. पण हे ध्यानात घे, की पोरगी तुला खुनी म्हणत नाय. सगळे म्हणत असताना ती एकटी म्हणत नाय. इंटरनेटवर चोच लावून सांगती. तिचा व्हिडिओ लोकांनी लई बघितला, खाली कुणीतरी लिहिलं, ऐकून रडू आलं. मला नाय आलं. तुला आलं तर मीटिंगमधनं बाहेर जाऊन रड.

कालच्याला मी तिला म्हणलं, "वकील परत दाराशी आला तर पोरांनी काय करायचं?"

म्हणली, "एखाद्यानं कडी काढायला पाहिजे. पण त्यानं पण नवीन काहीतरी बोललं पाहिजे ना."

तर एवढंच आहे. पोरगी घरात आहे, चीवराची नाय, चोचीची भानगड होती, आणि माझा जीव खाली पडला. आता पुढचं ऐक.

उत्तर मला नको. मेघालाबी नको, तिचं तुझं तुम्ही बघा. उत्तर श्रेयाला लिहायचं. कागदावर, तुझ्या हातानं, अंगठा चालणार नाय. वकिलाबद्दल विचार, चोचीबद्दल विचार, टमाट्याच्या सॉसबद्दल विचार. अभ्यासाचा अ जरी सापडला तर पाकीट मी दारातनंच परत पाठवीन.

तुझी आई,
भामाबाई
(सही केलीय. बघ.)