तीन डोळ्यांचं कुंकू

दावणगेरे,
मंगळवार, भर दुपार (गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप शिवयोगप्पाअण्णा यांच्या चरणी धाकटा मेहुणा कोट्रेश याचा शरणु शरणार्थी.

आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि नवी म्हैस या तिघांची प्रकृती कशी आहे ते सवडीनं कळवावं. इकडे माझी आई, अव्वा, ठणठणीत, भट्टी ठणठणीत, मीही आहे. आपली बहीण दसऱ्यापासून आपल्याकडेच आहे, तेव्हा तिची खुशाली मी काय कळवणार? विचारणारही नाही, कारण हे पत्र त्याबद्दल नाही. (पत्रच का, फोन का नाही, असं आपण म्हणाल. फोनवर मला फक्त भांडता येतं. शिवाय आपण फोन स्पीकरवर ठेवता आणि वहिनी मध्येच हसतात.) रत्नानं तिची बाजू तिकडे सांगितलीच असेल. माझी बाजू सांगणारं इकडे कोणी उरलेलं नाही, म्हणून मीच सांगतो.

दुकानावर तो काळ्यापांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड लावायला मी मुळात तयार नव्हतो. पैसा हातात घेऊन कपाळाला लावल्याशिवाय भवानी झाली असं मला वाटत नाही, आणि कोड कपाळाला लावायचा तर गिऱ्हाइकाच्या अंगावरून वाकावं लागतं. पण आमच्याकडे चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिरचीभजी खायला येणारी कॉलेजची पोरं खिशात कंगवा ठेवतात, रुपया ठेवत नाहीत. शेवटी रत्नाच पुढं झाली. माझं बँकेतलं खातं वापराविना झोपी गेलेलं, म्हणून कोड तिच्या खात्यावर निघाला. कोणी पैसे भरले की दुकानातला डबा मोठ्यानं ओरडतो आणि त्याच क्षणी तिच्या फोनवर टिंग होतं. तो डबा बोलायला लागल्यापासून दुकानात मला बोलायला कोणी लावलं नाही, हे जाता जाता सांगतो.

आता आयुधपूजेचं. आपल्या बहिणीचा पूजेतला उत्साह आपण लहानपणापासून पाहिलेला आहे. कढई झाली, झारा झाला, तराजू झाला, माझी मोटारसायकल झाली (तिच्या सायलेन्सरला अजून झेंडूची पाकळी चिकटलेली आहे). मग तिची नजर कोडवर गेली. म्हणाली, ‘‘अहो, याला तीन कोपऱ्यांत तीन डोळे आहेत. हा आपल्या शिवाच्याच घरातला दिसतो.’’ वर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि तिन्ही डोळ्यांवर एकेक ठसठशीत कुंकू लावलं. मीही हात जोडले. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. सकाळपासून दुकानापुढे ही गर्दी. आमच्याकडे माणूस आधी खातो, मग पैसे देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पोरांनी खाल्लं, हातभर लांब जीभ बाहेर काढली आणि कोडपुढे फोन धरला. फोनला काही दिसेना. आडवा धरला, उभा धरला, एकानं फोन शर्टाला पुसला, एक निवृत्त मास्तर स्वतःचा चष्मा पुसायला लागले. डबा गप्प. मागून ढकलाढकली, पुढून हाशहुश. एका टवाळानं माझ्या हातावर शमीचं, म्हणजे आमच्या बन्नीचं, पान ठेवलं आणि म्हणाला, ‘‘मालक, सोनं दिलं की तुम्हाला. आता सोन्यासारखे राहा.’’ आणि गेला चालता. त्याच्या मागोमाग तिघांना बन्नीची आठवण झाली.

माझं डोकं फिरलं. हाताशी भट्टीचं फडकं होतं, ते घेऊन मी कोड पुसला. फडक्याला तेल, तेलात कुंकू. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसा सगळा कोड शेंदरी झाला. मग साबणाची पूड घेऊन चारचौघांत घसाघसा धुतला. डबा बोलायला लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागं वळून पाहतो तर रत्ना.

ती एवढंच म्हणाली, ‘‘सणाच्या दिवशी माझ्यादेखत कुंकू पुसलंत?’’ आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, ‘‘कुंकवानं पोट भरत नाही.’’ अण्णा, चार गिऱ्हाइकं हसली. ती हसली नसती तर कदाचित निभावलं असतं. (दुसरी गोष्ट अशी की, या राज्यात बायकांना बस फुकट आहे. पूर्वी बायको रुसली तरी तिकिटाचे पैसे मागायला एकदा तरी नवऱ्यापुढे यायची, तेवढ्यात समजूत घालता यायची. आता ओळखपत्र दाखवलं की सरळ माहेरी, हावेरीला. सरकारनं याचा विचार करायला हवा होता.)

तेव्हापासून माझं उत्तम चाललं आहे. अव्वा सुनेच्या बाजूची आहे. ती माझ्याशी बोलत नाही, रोज उप्पीट करते आणि ताट ठेवताना भिंतीला सांगते, ‘‘कुंकवानं पोट भरत नाही, तर यानं भरा.’’ वहिनींकडून कळतं की तिकडे दिवसभर टिंग-टिंग चालू असतं. दुपारी फोन गप्प झाला की रत्ना म्हणते, झोपले असतील. संध्याकाळी टिंगची रांग लागली की म्हणते, एकट्याला झेपत नसेल, भजी करपत असतील. (करपतात.) परवा मला कणकण होती, दुकान उघडलं नाही. दहा वाजायच्या आत शेजारच्या नीलकंठ टेलरला हावेरीहून फोन : भट्टी का पेटली नाही? टेलर मला सांगायला आला. मी तोंडावर पांघरूण घेतलं. तापानं डोळ्यांना पाणी येतं, आपल्याला माहीतच आहे.

असो. माझी बाजू ही अशी आहे. दुकानाला तिच्यावाचून काही अडत नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. वडील मंडळींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कोट्रेश

ता. क. दिवाळी तोंडावर आली आहे. तिला पाठवून द्या. मी न्यायला येतो, पण आपण दाराशी उभे राहा. ती एकटी दार उघडायला आली तर मला काय बोलावं ते सुचणार नाही आणि मी पुन्हा काहीतरी बोलून जाईन.

ता. क. दुसरा. आज सकाळपासून हे पत्र पोचेपर्यंत तिच्या फोनवर एकही टिंग झालं नसेल. घाबरू नका म्हणावं, मला ताप नाही आणि दुकान उघडं आहे. पहाटे अंघोळ करून कोडच्या तिन्ही डोळ्यांवर मी माझ्या हातानं कुंकू लावलं आहे. तिच्यासारखं गोल जमलं नाही. कोणाच्याही फोनला आता काही दिसत नाही. ते ठेवायचं की पुसायचं, ते तिनं येऊन ठरवावं. मी हात लावणार नाही.

ता. क. तिसरा. निघताना तिच्याबरोबर दहा-वीसच्या सुट्या नोटा जमतील तेवढ्या द्या. आता संध्याकाळ झाली, पोरं फोन पुढे करून उभी आहेत आणि माझ्याजवळ पुन्हा बन्नीची पानंच जमायला लागली आहेत.